मालिकेत राहिलेला लांगा

'एम्न्यांगो' ही टीव्हीवरची मालिका बंद होणार, ही बातमी माहादेबेने रेडिओवर ऐकली. सकाळच्या थंडीत ती चुलीपाशी बसून मक्याचा पॅप ढवळत होती. बातम्या देणारा मुलगा मोठा मजेत होता. एकोणीस वर्षं चाललेली मालिका या महिन्याअखेर संपेल, त्या जागी चॅनेल बक्षिसांचा एक नवा खेळ सुरू करणार आहे, आणि आता ऐका एक झकास गाणं, असं त्याने एका दमात सांगून टाकलं. माहादेबेचा हात थांबला. पॅप बुडाला लागला, त्याचा वास सुटला, तरी तिला भान नव्हतं.

"मग माझ्या लांगाचं काय?" ती मोठ्याने म्हणाली. घरात ऐकायला कोणी नव्हतं.

लांगा तिचा एकुलता एक. म्सिंगाच्या उघड्याबोडक्या डोंगरांतून पोटासाठी जोबर्गला, म्हणजे जोहान्सबर्गला, गेला तो रात्रीची राखण करायला, आणि नशीब असं की ज्या स्टुडिओच्या फाटकावर उभा होता, त्याच स्टुडिओने त्याला एक दिवस आत बोलावून घेतलं. एका भागापुरतं काम होतं, गाडी दुरुस्त करणाऱ्या झाखेलेचं. पण लोकांना तो साधाभोळा, शीळ घालणारा झाखेले असा काही आवडला की मालिकेने त्याला ठेवूनच घेतलं. पुढे मालिकेतल्या नोमाशी त्याचं लग्न लागलं तेव्हा गावातल्या बायकांनी माहादेबेच्या अंगणात येऊन खरोखरीच्या ललकाऱ्या दिल्या होत्या. दुकानात, चर्चमध्ये, पाण्याच्या टाकीपाशी तिला सगळे 'झाखेलेची आई' म्हणू लागले. तिलाही ते गोड लागायचं, खोटं कशाला बोला.

नऊ वर्षांपूर्वी तो गेला. जोबर्गहून फोन आला की कामावर असताना छातीत कळ आली, हॉस्पिटलात नेलं, पण उपयोग झाला नाही. शवपेटी आली, गुरांच्या गोठ्याशेजारी त्याला पुरलं. त्या संध्याकाळी अंगणात पाहुणे मांस खात बसलेले, आणि आत कोणीतरी सवयीने साडेसातला टीव्ही लावला. पडद्यावर लांगा उभा. गाडीचं झाकण उघडून शीळ घालतोय. दोन बायका किंचाळल्या. माहादेबेच्या नवऱ्याचा धाकटा भाऊ वेलाफी टीव्ही बंद करायला धावला. माहादेबेने त्याचं मनगट धरून त्याला कुळाच्या नावाने हाक मारली.

"राहू दे, म्छुनू. जिवंत आहे तोवर बघू दे मला."

या लोकांची कामाची रीतच तशी. आज चित्रण करायचं आणि महिना-दीड महिन्याने दाखवायचं. त्यामुळे मातीआड गेलेला लांगा रोज संध्याकाळी हसत होता, बायकोशी भांडत होता, चहात साखर कमी पडली म्हणून कुरकुरत होता. माहादेबे ताट घेऊन समोर बसायची आणि त्याच्याबरोबर जेवायची. मग एक दिवस त्याचे भाग संपले. आता झाखेलेला मारतील, असं सगळ्यांना वाटलं. पण चॅनेलला झाखेले मेलेला परवडणारा नव्हता; त्याच्या नावावर साबण आणि मोटारीचं तेल खपत होतं. आधी दुसरा नट आणायचं घाटत होतं. नोमाचं काम करणारी पोरगी अडून बसली, म्हणाली, दुसऱ्या कोणाला मी नवरा म्हणणार नाही. शेवटी झाखेले डर्बनच्या बंदरात कामाला गेला असं दाखवलं. तेव्हापासून नोमा त्याला फोन करायची. पहिला प्रश्न ठरलेला. "जेवलास का?" पलीकडचा आवाज प्रेक्षकांना कधी ऐकू यायचा नाही, नोमाच ऐकून सांगायची. "काय म्हणतोस, मासे? पुन्हा मासे?" आणि खुदकन हसायची. माहादेबे इकडे समाधानाने मान हलवायची. मासे खाल्ले. बरं झालं.

चॅनेलने या मालिकेला कसं वागवलं ते बघितलं की सावत्र आईसुद्धा बरी म्हणायची. कधी साडेसातला, कधी सहाला, कधी फुटबॉल आहे म्हणून सबंध आठवडा नाहीच. पैसे कमी केले तेव्हा नोमाच्या शेजारची जुळी भावंडं एका रात्रीत झांबियाला गेली आणि पुन्हा कोणी त्यांचं नाव काढलं नाही. एक म्हातारा सासरा आतल्या खोलीत चष्मा आणायला गेला तो आजतागायत बाहेर आला नाही. लोक शिव्या घालायचे आणि तरी साडेसातला येऊन बसायचे, कारण जिव्हाळा एकदा लागला की माणूस अपमानही गिळतो. चॅनेलला हे नेमकं ठाऊक होतं.

पण माहादेबेच्या धास्तीचं कारण निराळं होतं, आणि ते तिने इतकी वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं.

माणूस घराबाहेर मेला की त्याचा देह आणून भागत नाही. तो जिथे मेला तिथे उम्फाफाची फांदी घेऊन जायचं, त्याला नावाने, कुळाच्या नावाने हाक मारायची आणि म्हणायचं, चल, घरी जाऊ. मग फांदीवर बसून तो येतो. वाटेत फांदी धरणाऱ्याने त्याच्याखेरीज कोणाशी बोलायचं नाही. पूल आला, वळण आलं की त्याला सांगायचं, टॅक्सीत त्याच्या जागेचं भाडं द्यायचं. लांगाला आणायला वेलाफी गेला होता. जोबर्गच्या हॉस्पिटलातून त्याने फांदी आणली, बोकड कापला, सगळं यथासांग झालं. आणि तरी माहादेबेच्या स्वप्नात लांगा येत राहिला. छप्पर नसलेल्या एका खोलीत लोखंडी खाटेशेजारी उभा. वर दिवेच दिवे. तो तिच्याकडे बघायचा आणि बोलायचा नाही.

गावाने ठरवून टाकलं की वेलाफी वाटेत बोलला असणार. वेलाफी म्हणजे बोलघेवडा माणूस, मेंढराशीसुद्धा फुटबॉलवर वाद घालील. त्याने शपथा घेतल्या, चिडला, एकदा तर बिअरचं मडकं फोडलं. पण नाव पडलं ते पडलं.

वर्षश्राद्धाला नोमा आली होती. तिचं खरं नाव थेम्बेका, पण माहादेबे तिला मकोटी म्हणायची, म्हणजे सूनबाई, आणि तीही ओ द्यायची. रात्रीची भांडी घासताना ती एकाएकी रडायला लागली आणि तिने सगळं सांगितलं. लांगा हॉस्पिटलात पोचण्याआधीच गेला होता. स्वयंपाकघराच्या प्रसंगात तो कोसळला. जवळच मालिकेतलं खोटं हॉस्पिटल उभं केलेलं होतं, तिथे निदान खाट होती, म्हणून त्याला तिथे नेऊन निजवलं. रुग्णवाहिका येईना. आणि संध्याकाळच्या आत भाग चॅनेलला पोचवायचा होता. "मला म्हणाले, तू तुझी वाक्यं संपवून घे. मी गेले, मा. मी जाऊन वाक्यं म्हटली. परत आले तर..."

माहादेबेला खाट कोणती ते सांगावं लागलं नाही. दर आठवड्याला मालिकेत कोणी ना कोणी त्या खाटेवर आजारी पडायचं. तिने ती स्वप्नातही पाहिली होती.

तेव्हाच जायला हवं होतं. वेलाफीच्या माथ्यावरचा डाग तेव्हाच पुसायला हवा होता. पण तिने मनाशी विचार केला, आणि तो विचार आईचाच होता: इथे आणून करू काय? इथे एक म्हातारी, चार शेळ्या आणि संध्याकाळ. तिथे तो रोज माणसांत आहे, त्याला बायको आहे, लाखो लोक त्याचं नाव घेतात, जेवलास का विचारतात. राहू दे तिथेच. आणि तिने तोंडाला कुलूप घातलं.

आता ते घरच मोडणार होतं.

तिने मकोटीला फोन लावला. मकोटी म्हणाली, शेवटचा भाग शुक्रवारी दाखवणार, आणि खोटं हॉस्पिटलही शुक्रवारपर्यंत उभं आहे असं म्हणतात. मग माहादेबे वेलाफीच्या घरी गेली आणि उभ्या उभ्याच सगळं बोलून मोकळी झाली. वेलाफी कुंपणाची तार ताणत होता. ऐकता ऐकता त्याने हातातली पक्कड खाली ठेवली.

"म्हणजे मी बोललो नव्हतो."

"नव्हतास."

"आणि तुला माहीत होतं."

"होतं."

"नऊ वर्षं, माहादेबे! लग्नाकार्यात पोरंटोरं मला बघून तोंडावर बोट ठेवायची. माझी बायकोसुद्धा म्हणायची, खरं सांगा हो, एखादा शब्द तरी बोललाच असाल."

"शिव्या द्यायच्या तर दे. पण गाडीत दे. शुक्रवारी पहाटे निघायचंय."

वेलाफीने तारेकडे बघितलं, डोंगराकडे बघितलं. "फांदी कोण धरणार?"

"मी."

"बाईमाणसाने धरायची नसते."

"नसते. पण तो तुझ्याबरोबर आला नाही ना एकदा? माझ्याबरोबर येईल."

"अगं, तो तिथे नव्हताच, मी काय रिकाम्या खाटेला..." एवढं बोलून तो थांबला आणि त्याला हसू आलं. हसता हसता त्याने बाहीने डोळे पुसले. "रिकाम्या खाटेला मी कुळाची सगळी नावं ऐकवली, माहादेबे. शेजारचा आजारी माणूस उठून बसला होता."

उम्फाफाचं झाड म्हणजे बोरीची थोरली बहीण. काटे जोडीने येतात, एक सरळ, एक वाकडा. सरळ काटा पुढची वाट दाखवतो आणि वाकडा मागची, असं जुनी माणसं म्हणतात. वेलाफीने संध्याकाळी फांदी तोडून दिली आणि माहादेबेने ती पांढऱ्या कापडात गुंडाळली.

शुक्रवारी दुपारी ती दोघं स्टुडिओच्या फाटकाशी पोचली. जुलैतल्या हिवाळ्याचा कोरडा वारा, जळलेल्या गवताचा वास. मकोटी बाहेरच उभी होती. नुसतं तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि माहादेबेला कळलं.

"मोडलं, मा. काल रात्रीच मोडलं. मला शुक्रवार म्हणाले होते. मी आले तर..." तिने हात नुसते पसरले.

मागच्या अंगणात सगळं पडलं होतं. नोमाच्या स्वयंपाकघराची पिवळी भिंत पालथी, तिच्या पाठीला नुसत्या फळ्या आणि खिळे. खिडकी निराळी, खिडकीतून दिसणारा रंगवलेला डोंगर निराळा. ज्या दारात झाखेले उभा राहायचा ते दार एका कुत्र्याने बसायला घेतलं होतं. एकोणीस वर्षांचं घर, पण भिंती कशाच्या, तर पातळ फळ्यांच्या. माहादेबेला ते बघून लाज वाटली, कोणाचं तरी उघडं अंग बघावं तशी. लोखंडी खाट कुठेच नव्हती. ती सकाळीच भंगारवाला घेऊन गेला होता.

"खाट गेली तर जाऊ दे," वेलाफी म्हणाला. "जागा कुठे आहे? माणूस जागेवर मरतो, खाटेवर नाही."

आत कान किटतील असा ठोकाठोकीचा आवाज होता. रात्री आठला नवा खेळ थेट सुरू व्हायचा होता. मधोमध घराएवढं एक रंगीत चाक उभं, त्याखाली चकचकीत फळ्यांचा मंच, वर माहादेबेने स्वप्नात पाहिलेले तेच दिवे. भिंती नाहीत, खुणा नाहीत. मकोटी गोंधळून इकडे तिकडे फिरली. मग ती एका जागी जाऊन उभी राहिली, जमिनीवरचं नळाच्या पाइपचं बुजवलेलं तोंड तिने पायाने चाचपलं.

"हे मोरीचं तोंड. म्हणजे मी इथे उभी होते," ती म्हणाली. "समोर मालिकेतला दुकानदार. मी वाक्यं त्याच्याशी बोलत होते, पण दोन भिंतींच्या फटीतून मला खाट दिसायची. मी तिकडेच बघत होते, मा."

माहादेबेला तो भाग आठवला. तिने तो पाहिला होता, ताट मांडीवर घेऊन. नोमा दुकानदाराशी बोलत होती आणि तिची नजर त्याच्या खांद्यावरून भलतीकडेच लागली होती. त्या वेळी माहादेबेला वाटलं होतं, पोरीचं कामात लक्ष नाही.

"कुठे बघत होतीस? दाखव."

मकोटीने त्या दिवशीसारखी मान वळवली आणि बोट केलं. बोट सरळ त्या चाकाखाली गेलं.

माहादेबेने कापड सोडलं. फांदी दिसली मात्र, जवळच्या सुताराने हातोडी खाली घेतली. दुसऱ्याने डोक्यावरची टोपी काढली. कोणी हाकारलं नाही, सांगितलं नाही. एकेक यंत्र बंद होत गेलं आणि त्या मोठ्या गोदामात एकदम शांत झालं. म्हातारा सुतार पुढे आला. त्याने माहादेबेला काही विचारलं नाही, विचारायचं ते वेलाफीला विचारलं.

"कोण आहे, बाबा?"

"पुतण्या. मालिकेतला झाखेले."

"झाखेले?" सुताराने तोंडावर हात ठेवला. "तो डर्बनला..." आणि त्याला आपलं आपणच कळलं. तो वळून म्हणाला, "पोरांनो, फळ्या काढा इथल्या. फांदी भुईला टेकली पाहिजे."

फळ्या निघू लागल्या तसा चॅनेलचा माणूस धावत आला. तरुण होता, अंगात खेळाचं नाव छापलेला सदरा, दोन्ही कानांत दोन माणसं बोलत असावीत असा त्रासलेला चेहरा. "काय चाललंय? आठला थेट प्रक्षेपण आहे आपलं! वरून सांगतायत, जमलं तर दोन-चार मिनिटं आधीच सुरू करा, आणि तुम्ही मंच उचकटताय?"

"साहेब, एका माणसाला घरी न्यायला आलेत," सुतार म्हणाला.

"कोणत्या माणसाला?" त्याने फांदी पाहिली. तोही याच मातीतला होता, त्याचा आवाज उतरला. "आजच? दुसरा दिवस नव्हता का?"

"दुसरी जागा ठेवली नाहीत तुम्ही," मकोटी म्हणाली.

मग त्याने कानातला एक इअरफोन काढला, थोड्या वेळाने दुसराही काढला आणि मान खाली घालून उभा राहिला. "लवकर करा, गोगो," तो आपल्या आजीशी बोलावं तसं अगदी हळू म्हणाला. "माझी आईपण बघायची ही मालिका. दोन आठवडे बोलत नाहीये माझ्याशी."

माहादेबे गुडघे टेकून बसली. खाली साधा सिमेंटचा कोबा, त्यावर पुसट झालेली पांढरी चिकटपट्टी, खाटेच्या पायाची खूण. तिने फांदी त्यावर टेकवली.

"लांगा," ती म्हणाली. "लांगा, म्छुनू, माचिंग्वाने, फाकाडे. मी आलेय, तुझी आई. उशीर केला मी. तू इथे सुखात आहेस असं मला वाटलं. वाटलं नाही, मी तसं मानून घेतलं. तुझं हे घर मोडलं रे. आता इथे चाक फिरवणार आहेत. ऊठ, चल. रस्ता लांब आहे, पण मी सगळं सांगत नेईन तुला."

फांदी जड झाली असं तिला वाटलं. खरोखर झाली की म्हातारीचे हात थकले होते, ते ज्याचं त्याने ठरवावं. ती उठली आणि कोणाकडे न बघता बाहेर चालू लागली. मागे हातोड्या सुरू झाल्या त्या ती फाटकाबाहेर पडल्यावरच.

मिनीबस टॅक्सीत वेलाफीने चढतानाच सांगितलं, "तिघं आहोत." ड्रायव्हरने फांदी पाहिली, गाण्याचा आवाज बंद केला आणि खिडकीजवळची एक जागा मोकळी करून दिली. वाटेत एक जाडजूड बाई गाठोडी घेऊन चढली आणि त्या मोकळ्या जागेवर कोबीची पिशवी ठेवू लागली.

"ताई, तिथे माझा पुतण्या बसलाय," वेलाफी म्हणाला.

"अगबाई! चुकलं हो, भाऊ," बाई फांदीला म्हणाली आणि पिशवी मांडीवर घेऊन बसली.

माहादेबे सांगत होती. लांगा, हा शेवटचा टोलनाका. लांगा, आता ऊन उतरलं. हे बघ, इथे लहानपणी तुला उलटी झाली होती. वेलाफी कधी नव्हे तो गप्प होता. त्याला आज बोलायची मुभा होती, आणि तोच नेमका बोलेना.

डोंगर सुरू झाले तेव्हा अंधार पडला होता. पुढच्या बाकावरच्या एका पोरीने फोन काढला आणि सगळ्यांना दिसेल असा उंच धरला. "साडेसात वाजले. शेवटचा भाग आहे, कोणाला बघायचाय?" कोणाला बघायचा नव्हता? माना पुढे झाल्या. ड्रायव्हर म्हणाला, "आवाज मोठा कर, बाळ. मला बघता येत नाही, पण ऐकू तरी दे."

चढावर कधी चित्र अडकायचं, कधी पुढे सरकायचं. चॅनेलने सगळ्यांची एका भागात मोट बांधली होती. कोणाचं लग्न लागलं, कोणी तुरुंगातून सुटला, म्हातारा सासरा मात्र आतच राहिला. आणि अगदी शेवटी नोमा स्वयंपाकघरात एकटी. पिवळी भिंत, खिडकीतला रंगवलेला डोंगर. फोन वाजला. नऊ वर्षांत फोन तिनेच केला होता. आज पहिल्यांदा पलीकडून आला.

"झाखेले?" नोमा म्हणाली. "जेवलास का?... काय? खरंच? अरे पण, मग कधी..." तिचे डोळे भरून आले, तिने खुर्ची धरली. "थांब, पुन्हा सांग. म्हणजे तू..."

आणि चित्र तुटलं. ढोल वाजले, दिवे लखलखले, पडद्यावर ते भलंमोठं चाक गरगर फिरू लागलं आणि कोणीतरी ओरडलं, "नमस्कार, दक्षिण आफ्रिका!"

क्षणभर कोणाला कळलंच नाही. मग जी शिवीगाळ सुरू झाली ती ऐकून सैतानाने कान झाकले असते.

"अरे, काय म्हणाला तो? पूर्ण तरी होऊ द्यायचं!"

"भिक्कारडे! एकोणीस वर्षं बघितली, चार मिनिटं दिली नाहीत."

"येतो म्हणाला असेल. ती रडली ना."

"येत नाही म्हटल्यावरपण रडतात, ताई. डर्बनला दुसरी ठेवली असणार त्याने."

"झाखेले तसला नाही हं! तोंड सांभाळ!" कोबीवाली कडाडली. "ड्रायव्हर, तुम्ही सांगा, तो येणार की नाही घरी?"

"मी काय सांगणार, मा," ड्रायव्हर म्हणाला. "मी तर लहानपणापासून वाट बघतोय त्याची."

माहादेबेच्या ओठांपर्यंत आलं होतं. अख्ख्या देशाला जे कळलं नाही ते एकट्या तिला ठाऊक होतं. तो त्यांच्यातच बसला होता, कोबीच्या पिशवीशेजारी. पण फांदी धरणाऱ्याने बोलायचं नसतं. तिने वेलाफीकडे बघितलं. त्याला बोलता येत होतं. त्याने तोंड उघडलं, आणि मग कोण जाणे काय मनात आलं, त्याने स्वतःच्याच ओठांवर बोट ठेवलं.

ती फांदीकडे वळली. "लांगा," ती हळूच म्हणाली, "थुगेलाचा पूल आला, बाळा. आता जवळच."

त्या रात्री तिने फांदी गोल झोपडीच्या आत, पूर्वजांच्या जागी, भिंतीशी टेकवून ठेवली. दुसऱ्या दिवशी बोकड कापला, बिअर वाटली. वेलाफीने आलेल्या-गेलेल्या प्रत्येकाला आपण नऊ वर्षांपूर्वी कसे गप्प राहिलो होतो ते तासतासभर सांगितलं. काम नीट झालं होतं. स्वप्न बंद झालं. छप्पर नसलेली खोली गेली, दिवे गेले, आणि त्यांच्याबरोबर लांगाही दिसेनासा झाला. हे तिच्या आधी लक्षात आलं नव्हतं.

साडेसातला तिच्याकडे टीव्ही बघायला येणाऱ्या शेजारणी येईनाशा झाल्या. चाकाचा खेळ त्या आपापल्या घरी बघत. रस्त्यात कोणी भेटली की विचारायची, "अगं, तुला तरी माहीत असेल. आला का गं झाखेले शेवटी?"

"आला," माहादेबे म्हणायची. आता तिला बोलायला मुभा होती. समोरची थोडा वेळ थांबायची, पुढचं ऐकायला. पुढे काही नसायचं.

संध्याकाळी ती पॅप आणि दही घेऊन झोपडीत त्या भिंतीपाशी बसते. एक वाटी फांदीसमोर ठेवते.

"जेवलास का?" ती विचारते.

मग ती बराच वेळ ऐकत राहते. मालिकेत नोमा निदान सांगायची तरी, तो काय म्हणाला ते.